पाच दिवसांत वीस मुलांना 'सामाजिक उद्योजक' करायचंय, आणि माझाच धंदा तोट्यात आहे

आमचूरवाली (अक्राणी तालुका, जि. नंदुरबार)

नमस्कार. जरा लांबण लावणार आहे. आमच्याकडे नेटवर्क टेकडीच्या शेंड्यावर मिळतं, एकदा वर चढलं की सगळं लिहूनच उतरायचं.

मी २७ वर्षांची. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर राहते. बी.ए. शहाद्याला झालं. तीन वर्षांपूर्वी पुण्यात तीन आठवड्यांचं निवासी शिबिर केलं, तरुणांना सामाजिक उद्योग सुरू करायला शिकवणारं. संस्थेचं नाव घेत नाही. माणसं मनाने चांगली होती, जेवण तर फारच चांगलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला सात मिनिटं मिळाली. मी आमचूर मांडलं. परीक्षकांनी विचारलं, "हे स्केल कसं करणार?" मी म्हटलं, पाच हजार कुटुंबं. हा आकडा तोंडातून कसा निघाला मलाच माहीत नाही. आमच्या पाड्यावर चौदा घरं आहेत. दुसरं बक्षीस मिळालं, एक लाख रुपये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होळी झाली की आमच्याकडे गावठी आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, फोडी करून खडकावर नाहीतर खळ्यात वाळवायच्या. फोड पांढरी राहिली तर भाव. दव लागलं किंवा वळवाची एक सर आली की काळी पडते, मग व्यापारी म्हणेल तो भाव. माझ्या काट्यावर दहा किलो कैरीला जेमतेम एक किलो सुकी फोड उतरते. दिवसभर साल काढून बायकांची बोटं आंबटाने फाटतात, मीठ लागलं तरी चरचरतात.

पहिल्या वर्षी मी ४१२ किलो घेतलं. व्यापारी १४० देत होता, मी १७० दिले. त्याचेच ७०,०४० गेले. पिशव्या आणि छापील लेबल ११,०००, प्रदर्शनांतल्या स्टॉलचं भाडं ८,५००, गाडीभाडं आणि माझं येणंजाणं ९,४००. विकलं किती? पुण्या-नाशकात १८० किलो, सरासरी ३६० नी. उरलेल्यातलं ११८ किलो शेवटी १२० नी घाऊक काढलं. आणि ११४ किलोला पावसाळ्यात बुरशी आली, ते ओढ्यात टाकलं. बेरीज तुम्हीच करा. जवळपास २०,००० चा खड्डा, माझी मजुरी शून्य धरून.

हे पैशाचं झालं, पण मला खरं टोचलं ते दुसऱ्या वर्षी. चौदा घरांतल्या नऊ घरांनी माल परत व्यापाऱ्याला घातला, तोही माझ्यापेक्षा ३० रुपये कमी भावात. मला राग आला. मग आमच्या शेजारच्या म्हातारीने सांगितलं. श्रावणात तिच्या नातवाला ताप भरला, रात्री जीप करून शहाद्याला न्यायचं होतं. व्यापाऱ्याला निरोप गेला, त्याने जीपवाल्याला फोनवर सांगितलं आणि वर दोन हजार दिले. होळीनंतर आमचुरात फेडायचे. ही उचल. "तू चांगली आहेस," म्हातारी म्हणाली, "पण श्रावणात तू कुठे होतीस?" मी श्रावणात नाशिकला होते, प्रदर्शनात, तिच्याच आमचुराच्या पिशव्या मांडून.

पुण्याच्या त्या तीन आठवड्यांत उचल हा शब्द एकदाही आला नव्हता. स्पर्धक कोण, या चौकटीत मी दोन मोठ्या मसाला कंपन्यांची नावं लिहिली होती.

आता प्रश्न. एका दुसऱ्या संस्थेने मला बोलावलंय. आमच्याच तालुक्यातली वीस मुलंमुली, वय १८ ते २५, पाच दिवसांचं शिबिर, मी मार्गदर्शक. मानधनही आहे आणि मला त्याची गरज आहे. वेळापत्रक आलंय: पहिला दिवस डिझाइन थिंकिंग, दुसरा बिझनेस मॉडेल कॅनव्हास (एका पानावर धंद्याचा आराखडा), तिसरा ब्रँडिंग, चौथा सोशल मीडिया, पाचवा पिच, म्हणजे परीक्षकांपुढे आपला धंदा मांडणं. महिना जानेवारी. जानेवारीत आमची निम्मी पोरं गुजरातेत ऊस तोडत असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

१) स्वतः तोट्यात असलेल्या माणसाने दुसऱ्याला धंदा शिकवावा का?
२) शिकवायचंच तर या पाच दिवसांचं काय करू?
३) ट्रस्ट, कंपनी, उत्पादक कंपनी, बचत गट, प्रत्येक जण वेगळं सांगतो. यातलं काय?

---

कोकम_आगळ (कुडाळ)

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. शिकवाच. माझ्या वेळी ज्यांनी शिकवलं त्यांनी जन्मात किलोभर काही विकलं नव्हतं. तुम्ही निदान ११४ किलो ओढ्यात टाकलंय.

पण ते का टाकावं लागलं ते बघा. माल पिशव्यांत भरून ठेवला होतात ना? आणि पूड करून? पूड हवेतलं पाणी ओढते, आठ दिवसांत गोळा होते. फोडच ठेवायची, आणि ती हातात मोडली की कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकली तर ओली आहे, परत उन्हात. मग आत जाड प्लास्टिकची पिशवी घातलेल्या झाकणाच्या ड्रममध्ये. ऑर्डर येईल तेवढीच दळायची. आम्ही आमसुलांचं हेच करतो, आणि आमचा पाऊस तुमच्यापेक्षा वाईट.

दुसरं, प्रदर्शनं सोडा. शंभर ग्रॅमची पिशवी घेणारी बाई हौसेने घेते, परत घ्यायला पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनातच भेटते. आमचूर खरं खातं कोण? फरसाणवाले, चाट मसाला करणारे, पाणीपुरीवाले, खानावळी. त्यांना गोष्ट नको, लेबल नको, दर महिन्याला सारख्याच चवीचा माल हवा. मी पहिली तीन वर्षं सुंदर बाटल्यांत आगळ विकला आणि कर्जात गेलो. आता माझा निम्म्याहून जास्त माल ३५ लिटरच्या कॅनमधून हॉटेलांना जातो. बाटल्या आहेत अजून, पाहुणे आले की देतो.

शिबिराचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात अर्धा किलो काहीतरी द्या आणि धडगावच्या बाजारात पाठवा. विकून या, मग बोलू.

---

निवृत्त_शाखाधिकारी (धुळे)

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षे होतो, त्यातील ११ ग्रामीण शाखांत. आपला हिशेब वाचला. एवढ्या स्वच्छ हिशेबाचे अर्ज माझ्या टेबलावर फार थोडे आले.

आपण ज्याला उचल म्हणता ते खेळते भांडवल आहे, फक्त ते आपल्याकडे नसून व्यापाऱ्याकडे आहे. प्रशिक्षण देणाऱ्या बहुतेक संस्था बक्षीस किंवा बीजभांडवल एकदाच देतात. आपला माल एप्रिल-मेमध्ये येतो, पैसा वर्षभर सुटा होत राहतो आणि घरांना पैसा जुलै-ऑगस्टमध्ये लागतो. एक लाखाचा चेक यातली एकच बाजू भरतो, तीही एकदाच.

मात्र आपण स्वतः उचल वाटू नये. व्याज लावलेत तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आड येईल, कारण परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. व्याज लावले नाही तर आपण बुडाल. पाड्यावर 'उमेद'चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, बचत गट आहे का? असल्यास पावसाळ्यातील अडीनडीचे कर्ज गटातून, गटाच्या ठरावाने जावे, आणि आमचुराची खरेदी आपण गटामार्फत करावी. वसुली गट करतो, दर गट ठरवतो, आपण गिऱ्हाईक. गटाला बँकेकडून कर्जमर्यादा मिळते. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटांच्या सदस्यांसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रति सदस्य ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केलेली होती, आणि ते खेळत्या भांडवलासाठी व लहान अवजारांसाठीच होते. ती आता चालू आहे का, याची जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारणा करावी.

तिसरा प्रश्न. आज काहीही नोंदवू नका. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, अन्नसुरक्षेची प्राथमिक नोंदणी स्वस्त आहे, एवढे करा. कलम ८ ची (ना-नफा) कंपनी केलीत तर नफा सभासदांना वाटता येत नाही, मग चौदा घरांना बोनस कसा देणार? उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. चौदा घरांत ते जमेल, पण दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांचा खर्च ४०० किलो आमचूर पेलणार नाही. मी अशा कंपन्या पाहिल्या आहेत ज्यांचा एकमेव व्यवहार सनदी लेखापालाची फी हा होता.

शिबिराबाबत एकच सुचवतो. कर्नाटकात उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळ संस्था आणि दोन बँकांनी रुडसेटी ही ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था काढली. त्याच नमुन्यावर आज जिल्ह्याजिल्ह्यांत अग्रणी बँकांच्या अशाच संस्था, आरसेटी, आहेत. तेथील प्रशिक्षण थोड्याच दिवसांचे असते, परंतु त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे. कागदावर तो दुय्यम दिसतो. माझ्या शाखेतून कर्ज नेऊन टिकलेली मुले कोणती, हे मी आठवून पाहतो तेव्हा एक प्रशिक्षक आठवतात. ते महिन्यातून एकदा मोटारसायकलवर मुलांच्या दुकानात जाऊन बसत, चहा पीत आणि वही मागत. वही नसेल तर चहाचे पैसे स्वतः देऊन निघून जात. मुलांना त्याची फार लाज वाटे.

---

पाबळकर

मी विज्ञान आश्रमाचा विद्यार्थी, पाबळ, तालुका शिरूर. दहावीत गणितात गेलो होतो. घरच्यांनी तिकडे टाकलं.

डॉ. कलबागांनी १९८३ ला आश्रम काढला. माणूस अन्नतंत्रज्ञानातला, मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून दुष्काळी गावात आलेला. मी गेलो तेव्हा ते हयात नव्हते, पण पद्धत त्यांचीच होती. वर्षभर चार विभागांतून फिरायचं: वर्कशॉप, शेती-जनावरं, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य. आणि वेल्डिंग शिकायचं ते गावातल्या कुणाच्या तरी खऱ्या फाटकावर. तो पैसे देणार, म्हणजे तो शिव्याही देणार.

माझं पहिलं फाटक एका शेतकऱ्याचं. बिजागरी उलटी लावली, फाटक बाहेर उघडायचं ते आत उघडायला लागलं आणि मागे म्हशीची दावण. त्याने पैसे धरून ठेवले. मी दोन दिवस घालवून परत केलं, तेव्हा दिले. त्या दोन दिवसांत कोटेशनमध्ये चुकीसाठी जागा धरून ठेवायची असते हे कळलं. आजही धरतो. माझं आता फॅब्रिकेशनचं दुकान आहे, चार पोरं कामाला आहेत. सामाजिक उद्योग म्हणा नाहीतर म्हणू नका, चौघांपैकी तीन दहावी नापास आहेत.

तर ताई, पाच दिवस सलग घेऊच नका. त्या संस्थेला सांगा, पैसे तेवढेच, दिवस तेवढेच, फक्त सुटे करा. होळीनंतर एक दिवस, पोरं परतलेली असतात तेव्हा. मग महिन्या-महिन्याने एकेक. पहिल्या दिवशी प्रत्येकाने गावातलं एक पैसे देणारं काम पकडायचं: गिरणीचा पट्टा, शेळ्यांचं लसीकरण करणाऱ्याला हाताशी, कुणाच्या घराची वायरिंग, फोडी वाळवायला बांबू आणि शेतीच्या प्लास्टिक कागदाचा मांडव. दुसऱ्या दिवशी वही घेऊन यायचं. वीसमधले अकरा येतील. तिसऱ्या दिवशी सात. घाबरू नका. सलग पाच दिवसांत वीसच्या वीस पूर्णवेळ हजर राहतात, कारण जेवण असतं.

---

शहाद्याचा_पोरगा

धागा वाचून गप्प बसणार होतो. माझे वडील आमचूर, मोह, चारोळी घेतात. ज्याला तुम्ही सगळे नुसतं 'व्यापारी' म्हणताय तो आमच्या घरी जेवायला बसतो.

ताई, तुमचा व्यापारी तो आमचाच असेल असं नाही, पण गणित सगळीकडे सारखं. वडील पावसाळ्यात उचल देतात ती सगळी परत येत नाही. कुणी गुजरातेत जातं ते दोन होळ्या परत येत नाही. बुडालेलं वसूल होतं ते उरलेल्यांच्या भावातून. म्हणजे तुमची म्हातारी शेजारच्याचीही उचल फेडते, १४० मध्ये. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. मीच वडिलांशी यावर भांडलोय. पण काटा मारतो म्हणून भाव कमी, एवढंच नसतं ते.

आणि तुम्ही मार खाल्लात तो आमची पद्धत न धरल्याने. पांढरा-काळा सगळा माल एकाच भावाने, १७० नी घेतलात ना? वडील पोतं ओततात, मुठीने चार ठिकाणी घेतात आणि तीन ढीग करतात. तुम्ही सरसकट घेतलात तेव्हा दव लागलेला माल कुठे गेला असेल? व्यापाऱ्याकडे पांढरा, ताईकडे काळा. घरातली माणसं आहेत म्हणून तसं करणार नाहीत असं समजू नका, घरातलीच आहेत म्हणून करतील.

वीस मुलांना प्रतवारी शिकवायची असेल तर एक दिवस मी येतो. वडिलांना सांगणार नाही.

---

आमचूरवाली

परत वर आले. आज वारा फार आहे, ओढणी तोंडात धरून लिहितेय.

शहाद्याच्या दादा, खरंय. पोती आठवली. दोन घरांचा माल जरा जास्तच तपकिरी होता, त्यातलं एक माझ्या मावशीचं. मी तेव्हा म्हटलं, मावशी आहे, जाऊ दे. तुम्ही या. वडिलांना सांगितलंत तरी चालेल, मला त्यांना काही विचारायचंच आहे.

साहेब, गट आहे. तीन वर्षांपूर्वी निघाला, मग वहीवरून भांडण होऊन बंद पडला. सचिव म्हणते वही अध्यक्षाकडे, अध्यक्ष म्हणते उंदराने खाल्ली. काल दोघींना एका चुलीपाशी बसवलं. वही सापडली, खरंच उंदराने खाल्लेली आहे, पण शिल्लक रकमेचं पान वाचता येतं: ६,३४०. पैसे बँकेतच आहेत. पुढच्या आठवड्यात दोघी माझ्याबरोबर शाखेत येणार. श्रावणापर्यंत या पैशांतून दोन-तीन घरांची जीप तरी भागेल, पूर्ण उचल नाही.

लेखापालाच्या फीचं वाचून हसू आलं. मला एका ताईंनी उत्पादक कंपनीसाठी अर्ज भरूनही दिला होता. तो तसाच ठेवलाय, पाठकोऱ्या बाजूवर मी हिशेब लिहिते.

संस्थेला फोन केला. सुट्या दिवसांचं ऐकून बाई म्हणाल्या, देणगीदाराला पाच दिवसांचा एक फोटो द्यावा लागतो. मी म्हटलं, पाच फोटो देते. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या विचारून सांगते. दोन दिवसांनी फोन आला: पहिला दिवस होळीनंतर चालेल, पण पिच हवंच, शेवटच्या दिवशी परीक्षक पुण्याहून येणार आहेत. मी हो म्हटलं. परीक्षकांना सात मिनिटं मुलं वही वाचून दाखवतील. किती आणलं, किती विकलं, कुणाकडे बाकी. त्यांनी स्केलचं विचारलं तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

मानधनाचं मात्र सुटे दिवस झाल्यावर त्यांनी प्रवासखर्च वेगळा देणार नाही असं सांगितलंय. पाच वेळा धडगावला जाणं मला परवडतं, पण मुलांचं काय? लांबच्या पाड्यांवरून जीपला ऐंशी-शंभर लागतात. मी विचार करतेय की दर वेळी वेगळ्या पाड्यावर भरवावं, म्हणजे ओझं वाटलं जाईल. कुणी असं केलंय का?

कोकमवाले दादा, ड्रम मिळाले. धडगावात एका दुकानदाराकडे तीन निळे ड्रम होते, २०० लिटरचे, त्यात आधी काय होतं विचारलं तर म्हणाला "काहीतरी केमिकल". घ्यावेत का?

---

कोकम_आगळ

अजिबात नको! केमिकलच्या ड्रममध्ये खायचं कधीच ठेवायचं नाही, कितीही धुतलात तरी. खाण्याचं तेल किंवा लोणचं आलेलं असेल असे बघा, झाकणाला रबराची कडी आहे ना ते तपासा. मिळाले नाहीत तर मला सांगा, इथे काजू कारखान्यांकडे सुटतात, मी चार बाजूला काढून ठेवतो. शहाद्यापर्यंत ट्रान्सपोर्टने येतील. तिथून वर कसे न्यायचे ते तुमच्या वीस मुलांना विचारा.

---

पाबळकर

पाड्यापाड्यावर भरवायचं मी पाहिलंय. चालतं. ज्याच्या पाड्यावर असेल त्याने जेवणाचं बघायचं, पण तांदूळ-डाळ संस्थेकडून आधी पोचती करा. नाहीतर त्या घरातली बाई दिवसभर चुलीपाशी आणि तिची मुलगी, जी तुमच्या वीसमधली आहे, तिला पाणी भरायला मदत करत. आमच्याकडे असंच एक पोरगी तीन वेळा 'हजर' होती.